सत्तावीस नक्षत्रें आणि सोलापूरचें पंचांग

सोलापूर म्हटलें म्हणजे परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें चादरी येतात, गिरण्यांचीं धुराडीं येतात, सिद्धेश्वराचा तलाव व जानेवारींतला गड्डा येतो. आणि पाहुणा वैशाखांत येऊन गेलेला असेल, तर तेथील ऊन तो जन्मभर विसरत नाहीं. परंतु महाराष्ट्रांतील असंख्य घरांत सोलापूरचा जो नित्य प्रवेश होत असतो तो यांपैकीं कोणत्याहि वाटेनें होत नाहीं. तो होतो देवघराशेजारच्या खिळ्याला अडकविलेल्या पंचांगाच्या वाटेनें. बारशाचें अक्षर कोणतें, सोनें कोणत्या दिवशीं घ्यावें, मुलीची पत्रिका जुळते कीं नाहीं, यंदा मृग कोणत्या वाहनावर बसून येतो, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें ज्या पुस्तकांत शोधावयाचीं तें दाते पंचांग सोलापुरांत तयार होतें. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनीं तें सुरू केलें. त्यांच्यामागून धुंडिराजशास्त्र्यांनीं व त्यांच्यामागून मोहन दाते यांनीं तें चालविलें. या गोष्टीस शंभरांवर वर्षें होऊन गेलीं. १८७७ सालीं स्थापन झालेली सोलापूरची जुनी गिरणी, जिच्या भोंग्यावर अर्धें शहर उठत व निजत असे, ती आज राहिली नाहीं. पंचांग मात्र दरसाल पाडव्याच्या आधीं घरोघर येऊन दाखल होतें.

त्या पंचांगाचें परीक्षण करण्याचा आमचा हेतु नाहीं. चंद्राच्या वाटेवरील सत्तावीस ठिकाणें लोकांच्या घरांत, शेतांत आणि विशेषतः मुलींच्या लग्नांत इतकीं खोल कशीं शिरलीं, आणि ज्या रेषांवर हा सारा व्यवहार उभा आहे त्या रेषा आकाशांत कोणीं आंखल्या, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर देतांना वेदकाळापासून सोलापुरापर्यंत थोडी वाट चालावी लागेल. वाचकांनीं ती कंटाळा न करतां चालावी.

चंद्र आकाशाची एक फेरी सुमारें २७ दिवस ८ तासांत पुरी करतो. रोज रात्रीं तो निराळ्या तारकापुंजाजवळ दिसतो. सत्तावीस रात्रींचीं सत्तावीस बिऱ्हाडें, इतकी ही मूळची कल्पना साधी आहे. तैत्तिरीय संहितेंत व ब्राह्मणांत हीं नक्षत्रें कृत्तिकांपासून मोजलीं आहेत, आणि प्रत्येकास एक देवता नेमून दिली आहे. कृत्तिकांचा अग्नि, रोहिणीचा प्रजापति, आर्द्रेचा रुद्र, पुष्याचा बृहस्पति, आश्लेषांचे सर्प, मघांचे पितर, हस्ताचा सविता आणि मूळाची निर्ऋति. अथर्ववेदांत अभिजित् धरून तीं अठ्ठावीस होतात. प्रजापतीच्या मुली चंद्रास दिल्या, त्याचें मन एकट्या रोहिणीवर बसलें, आणि त्याबद्दल त्याला क्षय जडला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे; परंतु तैत्तिरीय संहितेंत या मुलींची संख्या तेहतीस आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत नसते. जांवई एक आणि मुली तेहतीस म्हटल्यावर त्याला क्षय न जडता तरच नवल!

या काळीं नक्षत्रांचा उपयोग मुख्यतः यज्ञकर्मासाठीं होता. अग्न्याधान कोणत्या नक्षत्रीं करावें, इष्टि केव्हां करावी, हें ठरविण्यास आकाश हेंच घड्याळ आणि आकाश हेंच पंचांग. मात्र गृहस्थाच्या संसाराशीं त्यांचा संबंधच नव्हता असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सूर्येच्या विवाहाचें जें सूक्त आहे, त्यांत गाईंची पाठवणी अघांवर म्हणजे मघांवर, व वधूची पाठवणी अर्जुनींवर म्हणजे फल्गुनींवर होते असें सांगितलें आहे. लग्नाला नक्षत्र पाहण्याची चाल इतकी जुनी आहे. पण त्या सूक्तांत वधूवरांची जन्मनक्षत्रें ताडून पाहिलेलीं नाहींत. लग्न कोणत्या दिवशीं लावावें हा एक प्रश्न. लग्न मुळीं करावें कीं करूं नये हा दुसरा. पहिला वेदांत आहे, दुसरा तेथें नाहीं.

शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत असें वचन आहे. त्यावरून कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथांत त्या ब्राह्मणाचा काळ शकापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें ठरविला; लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ लिहून मृगशीर्षाच्या आधारें त्याहूनहि मागें जाण्याचा प्रयत्न केला. या दोन्ही अनुमानांवर पुष्कळ वाद झाला असून तो अद्यापि मिटलेला नाहीं, म्हणून तो आम्ही येथेंच सोडतों. आमच्या विषयास लागणारी गोष्ट इतकीच कीं, नक्षत्रें हीं संपातापासून हळूहळू सरकत आहेत, सुमारें बहात्तर वर्षांस एक अंश या गतीनें सरकत आहेत. आणि हें सरकणें पुढें सर्व घोटाळ्याचें मूळ झालें.

बारा राशि मागाहून आल्या. यवनांच्या संबंधानें होरा, केंद्र इत्यादि शब्द जसे आपल्या ज्योतिषांत शिरले, तसें मेषवृषभादि राशिचक्रहि आलें, आणि जुन्या सत्तावीसांशीं नव्या बारांची सोयरीक करावी लागली. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकीं चार चरण म्हणजे एकशेंआठ. बारा राशींस प्रत्येकीं नऊ चरण म्हणजे एकशेंआठच. हिशेब इतका नेटका जमला कीं तो मुळांतच तसा होता असा पुढील पिढ्यांचा समज झाला. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचें व एक चरण ३ अंश २० कलांचा, ही वांटणी कागदावर झाली. आकाशांतील तारकापुंज अर्थातच असे सारख्या अंतरानें बसलेले नाहींत. येथपासून ‘नक्षत्र’ या शब्दाचे दोन अर्थ झाले: एक डोळ्यांना दिसणारा पुंज, व दुसरा गणितानें कापलेला आकाशाचा तुकडा. पत्रिकेंत असतो तो दुसरा.

आतां शेताकडे वळूं. पंचांगांत दिवसाचें नक्षत्र म्हणून जें लिहितात तें चंद्राचें. परंतु शेतकरी ज्याला नक्षत्र म्हणतो तें सूर्याचें. सूर्याला एका नक्षत्रांत तेरा-चौदा दिवस लागतात, आणि ७ जूनच्या सुमारास तो मृगांत शिरला म्हणजे ‘मृग निघाला’ असें आपण म्हणतों. त्यापुढें आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य असें करीत आक्टोबरांत चित्रा-स्वातीपर्यंत पावसाळा संपतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस, अशीं घरगुती नांवें ज्या समाजानें नक्षत्रांस दिलीं त्याचा नक्षत्रांशीं व्यवहार किती निकटचा असेल तें निराळें सांगावयास नको.

परंतु मृगाचें हें माहात्म्य मावळांत व कोंकणांत शोभतें. सोलापूरचा प्रांत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस वीस-बावीस इंच, आणि तोहि जूनजुलईंत हात आखडून पडणारा. येथील सर्वांत ओला महिना सप्टेंबर. म्हणून या जिल्ह्याचें खरें दैव मृगाच्या हातीं नसून उत्तरा आणि हस्त यांच्या हातीं आहे. १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा लागते, २७ च्या सुमारास हस्त. या एका महिन्यांत काळ्या जमिनींत ओल मुरली म्हणजे शाळूची पेरणी साधते व पुढें थंडींत पाण्याचा एक थेंब न मिळतांहि ज्वारी उभी राहते. मंगळवेढ्यास ज्वारीचें कोठार म्हणतात तें याच ओलीच्या बळावर, आणि तेथील मालदांडी ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेंहि याच हस्ताच्या पुण्याईनें. १८७६ सालीं पावसानें जो दगा दिला व ज्यामुळें या जिल्ह्यांत भयंकर दुष्काळ पडला, तो दगा मुख्यतः या शेवटल्या नक्षत्रांतला होता. देशावर हस्त नक्षत्रांत हत्तीचें चित्र मांडून मुली हादग्याचा फेर धरतात. शहरांतील घरांत तो एक खेळ राहिला आहे, परंतु ज्या गांवीं हस्त कोरडा गेला तेथें त्या वर्षीं लेंकीसुनांच्या ताटांत काय वाढलें गेलें असेल याची कल्पना केली म्हणजे हत्तीला इतका मान कां, हें समजतें.

पंचांगांत प्रत्येक पर्जन्यनक्षत्रापुढें एक वाहन छापलेलें असतें. सूर्याच्या व चंद्राच्या नक्षत्रांतील अंतर मोजावयाचें, नवानें भागावयाचें, आणि जी बाकी उरेल तिच्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवावयाचा. बेडूक, म्हैस वा हत्ती आला तर पाऊस चांगला. या भागाकाराचा बंगालच्या उपसागरांतील वाऱ्यांशीं कांहीं संबंध आहे असें मानण्यास आम्हांस आधार सांपडत नाहीं. तरी आमचे शेतकरी तेवढ्यावर बी पेरतात असेंहि नव्हे. ते वाहन वाचतात, हंसतात, आणि ढेकूळ हातांत घेऊन ओल पाहतात.

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नक्षत्रें सरकतात असें वर सांगितलें. आज सूर्य मृगांत ७-८ जूनला जातो. ज्ञानेश्वरांच्या काळीं, आजच्याच इंग्रजी मोजणीनें सांगावयाचें तर, तो मे महिन्याच्या अखेरीस जात होता, आणि वराहमिहिराच्या आधीं दोन शतकें मेच्या मध्यास. तेव्हां मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी करण्याची ‘अनादि’ चाल अनादि असूं शकत नाहीं. सातशें वर्षांपूर्वीं मृगावर कोणी पेरता तर त्याचें बी किडेमुंग्यांनीं खाल्लें असतें. पाऊस आपल्या जागींच आहे, नक्षत्रें त्याच्यावरून सरकत चाललीं आहेत. मृगाच्या ज्या म्हणी आज लोकांच्या तोंडीं आहेत त्या तीन-चारशें वर्षांपलीकडच्या नसाव्यात, असें आम्हांस वाटतें. आणि आणखी पांचशें वर्षांनीं मृग १४ जूनच्या पुढें गेला म्हणजे त्या म्हणी म्हणणाऱ्यांस कांहीं तरी चुकत आहे असें वाटूं लागेल. लोकांनीं अशा वेळीं काय केलें असेल? मुकाट्यानें एका नक्षत्राचें काम दुसऱ्यावर सोंपविलें असेल. शेतकरी शास्त्राधार विचारावयास जात नाहीं.

शास्त्री मंडळींना मात्र असें मुकाट्यानें करतां येईना. महाराष्ट्रांतील पंचांगें चारशें वर्षें ज्या एका ग्रंथावरून होत असत तो ग्रंथ म्हणजे कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव, शके १४४२ म्हणजे सन १५२० चा. या मनुष्याची बुद्धि विलक्षण होती. ज्या गणिताला सर्वत्र जीवा-चापांचीं कोष्टकें लागत, तें त्यानें त्यांवांचून करून दाखविलें. खेड्यांतला जोशी पाटीवर धूळ पसरून वर्षाचें पंचांग करूं लागला. परंतु सोपेपणाची किंमत कोठें तरी द्यावी लागतेच. जुन्या बहुतेक ग्रंथांप्रमाणें ग्रहलाघवांतहि चंद्राला एकच मुख्य संस्कार दिला आहे, सुमारें पांच अंशांचा. पौर्णिमा-अमावास्येस तेवढा बहुतेक पुरतो. म्हणून ग्रहणें बऱ्याच अंशीं जुळत, आणि ग्रहणें जुळतात तर सर्वच जुळतें अशी लोकांची व जोशांची समजूत होती. पण अष्टमीच्या सुमारास चंद्र गणितापासून दोन अंशांहूनहि अधिक दूर असूं शकतो, आणि दोन अंश म्हणजे जवळजवळ चार तास. ग्रहणासारखा साक्षीदार अष्टमीला नसतो. त्यामुळें ही चूक शतकानुशतकें झांकून राहिली.

ती उघडकीस आणली केरो लक्ष्मण छत्रे यांनीं. १८६० सालीं त्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ निघालीं, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें शके १७८७ पासून जें नवें पंचांग निघूं लागलें तें पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झालें. जुन्या मताचे लोक खवळले. तिथि फार तर पांच घटिका वाढते व सहा घटिका घटते, हा ‘बाणवृद्धि रसक्षया’चा नियम, नव्या गणितानें ती कधीं सात वाढे तर कधीं दहा घटे. मग श्राद्ध कोणत्या दिवशीं करावयाचें? एकादशीचा उपास कोणी सोडावयाचा? आकाशांत दिसतें तें खरें कीं ग्रंथांत आहे तें खरें, हा वाद वरवर पाहतां पंचांगाचा होता. वस्तुतः तो त्या पिढीच्या सर्वच वादांचा सारांश होता, आणि त्यांत महाराष्ट्रानें आकाशाची बाजू घेतली हें आम्ही त्याचें भूषण समजतों.

परंतु दृक्प्रत्यय मान्य झाल्यावर दुसरें भांडण उभें राहिलें, आणि तें अद्यापि चालू आहे. आकाशाचें सत्तावीस तुकडे करावयाचे हें ठरलें; पहिला तुकडा कोठून सुरू करावयाचा? एक पक्ष म्हणतो, रेवतीची योगतारा हीच आरंभाची खूण. छत्र्यांचा व लोकमान्यांचा कल इकडे होता, आणि टिळक पंचांग आजहि याच मताचें आहे. दुसरा पक्ष म्हणतो, चित्रेची तेजस्वी तारा चक्राच्या बरोबर मध्यावर, १८० अंशांवर, धरावी व तिच्यासमोर आरंभ मानावा. याचे मोठे पुरस्कर्ते वेंकटेश बापूजी केतकर. चित्रा व रेवती यांत नेमकें १८० अंश अंतर असतें तर कांहीं वादच नव्हता. परंतु तें सुमारें १८४ अंश आहे. ते चार अंश महाराष्ट्राच्या घरांत शिरले. १९०४ सालीं मुंबईस व १९२० सालीं सांगलीस परिषदा भरल्या, पुष्कळ ऊहापोह झाला, आणि ज्यानें त्यानें घरीं जाऊन आपापलेंच पंचांग चालविलें. रेवतीची ती तारा इतकी अंधुक आहे कीं शहरांतल्या दिव्यांत ती डोळ्यांस दिसत नाहीं. चित्रा पहिल्या प्रतीची, कोणाहि पोराला दाखवितां येते. एवढ्यावरून निर्णय होत नाहीं हें खरें, तरी आम्हांस चित्रापक्षच सोईचा वाटतो. सोलापूरचें पंचांगहि चित्रापक्षाचेंच आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालीं जी पंचांगसुधारणा समिति नेमली गेली, तिनेंहि १९५५ च्या आपल्या वृत्तांतांत धार्मिक पंचांगासाठीं चित्रेचीच बाजू घेतली. १९५७ च्या २२ मार्चपासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली ती याच समितीच्या शिफारशीनें. 

या चार अंशांनीं काय होतें? तिथीस कांहीं होत नाहीं. कारण तिथि म्हणजे सूर्य आणि चंद्र यांमधील अंतर, व आरंभबिंदु कोठेंहि धरला तरी अंतर तेंच. वार व करण यांसहि धक्का नाहीं. पण संक्रांति चार दिवस मागें येतात. टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला असते. आणि अधिक मास ठरविणें संक्रांतींवर अवलंबून असल्यामुळें कांहीं वर्षीं दोन शेजाऱ्यांचे गणपति महिन्याच्या अंतरानें बसतात. हें फार तर गमतीचें. नक्षत्राचें तसें नाहीं. चंद्रास चार अंश चालण्यास सुमारें सात तास लागतात. तेव्हां दर दहा मुलांपैकीं तिघांचें जन्मनक्षत्र दोन पंचांगांत निराळें येतें. आणि चरण तर, तो साडेतीन अंशांहूनहि लहान असल्यामुळें, दहाच्या दहांचा बदलतो. बारशाचें अक्षर चरणावरून ठरतें. म्हणजे एका पंचांगानें ज्याचें नांव एका अक्षरावर ठेवावयाचें, दुसऱ्या पंचांगानें त्याचें नांव तें नव्हेच. आर्द्रेच्या वांट्याला ‘ङ’, हस्ताच्या वांट्याला ‘ण’, उत्तराभाद्रपदेच्या वांट्याला ‘ञ’ अशीं अक्षरें आलेलीं आहेत. त्या चरणांवर जन्मलेल्या बालकांस तरी या मतभेदाचा लाभच होत असेल.

आम्हांस खरें जें म्हणावयाचें आहे तें मूळ नक्षत्राविषयीं. मुलगी मूळावर जन्मली तर सासऱ्यास वाईट, आश्लेषावर जन्मली तर सासूस वाईट, ज्येष्ठेवर थोरल्या दिरास, विशाखेवर धाकट्या दिरास; ही यादी मध्ययुगीन मुहूर्तग्रंथांत पक्की झाली, आणि शके १५२२ च्या मुहूर्तचिंतामणीसारख्या सर्वमान्य ग्रंथामुळें घरोघर पोहोंचली. मूळाचें भय वेदांतहि आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत ज्येष्ठघ्नी व मूळबर्हण या नक्षत्रांवर जन्मलेल्या बालकासाठीं एक सूक्त आहे. पण त्या सूक्तांत मागितलें आहे तें बालकाचें रक्षण, त्याचें शंभर शरदांचें आयुष्य. आणि तो वाढतांना आपल्या आईबापांस न दुखवो, अशी प्रार्थना. घर त्याचेंच, चिंता त्याचीच. सासरा त्या सूक्तांत कोठेंहि नाहीं. बालकाला वांचविण्यासाठीं जो मंत्र होता, त्याच्या जागीं कुमारिकेला नाकारण्याचा नियम कसा आला, याचें उत्तर आकाशांत नाहीं. तें बालविवाहाच्या व एकत्र कुटुंबाच्या इतिहासांत शोधावें लागेल.

आणखी एक चमत्कार पाहा. विवाहाला जीं अकरा नक्षत्रें शुभ मानलीं आहेत त्यांत मूळ आहे. मूळावर लग्न लावावें. मूळावर जन्मलेलीचें मात्र लावतांना दहा वेळां विचार करावा! आणि सर्व कार्यांस जें उत्तम, ज्यावर गुरुवार आला म्हणजे सोन्याच्या दुकानांत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं, तें पुष्य विवाहाला वर्ज्य आहे.

ग्रंथकारांनीं अपवादहि दिले आहेत. मूळाचा चौथा चरण व आश्लेषेचा पहिला चरण यांस दोष नाहीं. ही सवलत दिसावयास मोठी उदार आहे. परंतु चरण कोणता हें कोणत्या पंचांगावरून ठरवावयाचें? चित्रापक्षानें जी मुलगी ज्येष्ठेच्या चौथ्या चरणांत जन्मली ती रेवतीपक्षानें मूळाच्या पहिल्या-दुसऱ्या चरणांत जाते, म्हणजे थेट दोषांत. चित्रापक्षानें जी मूळाच्या चौथ्या चरणावर आहे ती रेवतीपक्षानें पूर्वाषाढेंत जाऊन मूळांतून सुटतेच. एकच मुलगी, एकच जन्मघटिका, एकच आकाश. सासऱ्याचें आयुष्य मात्र कोणत्या छापखान्याचें पंचांग भिंतीवर आहे त्यावर अवलंबून. त्यांतहि, गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत पुष्कळांच्या पत्रिका ग्रहलाघवावरून होत, आणि त्या गणितांत चंद्रच कित्येकदां चार-चार तास चुकलेला असे. ज्या आजीबाईंचें लग्न मूळामुळें लांबलें, किंवा मूळ म्हणून ज्यांना बिजवराच्या गळ्यांत बांधलें, त्यांपैकीं किती जणींच्या जन्मकाळीं चंद्र खरोखर मूळांत होता, हें कोणीं मोजलें आहे? मोजावयाचें तर जन्मवेळाहि खऱ्या पाहिजेत. आणि ज्या काळीं बाळंतिणीच्या खोलींत घड्याळ नव्हतें त्या काळच्या जन्मवेळा म्हणजे सुइणीच्या अंदाजाची गोष्ट.

छत्तीस गुणांचेंहि असेंच. एकापासून आठापर्यंतच्या अंकांची बेरीज छत्तीस. त्यांत नाडीचे आठ, सर्वांत अधिक. आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्यांत प्रत्येकीं नऊ नक्षत्रें वांटलेलीं. वधूवरांची नाडी एक आली कीं सोयरीक मोडली. कोणत्याहि दोन माणसांची नाडी एक येण्याचा संभव तिघांत एक इतका आहे. मुलाची पत्रिका कोंकणांत टिळक पंचांगावरून व मुलीची सोलापुरास दात्यांवरून केलेली असेल, तर या जुळणीस अर्थ काय उरतो? अशीं लग्नें मोडलेलीं आणि जमलेलींहि आम्हीं पाहिलीं आहेत. जमलेल्यांपैकीं बहुतेक सुखांत आहेत.

पंचांगकर्त्यांस याबद्दल दोष देणें बरोबर होणार नाहीं. ते चंद्र कोठें आहे तें सांगतात, आणि तें आज अगदीं मिनिटापर्यंत खरें सांगतात. गणेश दैवज्ञाला हेवा वाटावा अशी ही अचूकता आहे. त्यावरून मुलगी नाकारावयाची कीं नाहीं, हें नाकारणाराचें काम. १९७३ पासून कालनिर्णयासारख्या दिनदर्शिका निघाल्या व पंचांग खिळ्यावरून भिंतभर पसरलें; इंग्रजी तारीख, दुधाचा हिशेब व नक्षत्र एकाच चौकटींत आलें. त्यामुळें पंचक, भद्रा, ताराबळ यांचें ज्ञान घटलें, आणि गुरुपुष्याचें भलतेंच वाढलें. ज्या नक्षत्रावर कांहीं विकत घेतां येतें तें बाजार विसरूं देत नाहीं.

सोलापूर शहराचा या बाबतींत एक विशेष आहे. येथें मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू बोलणारे लोक एकाच पेठेंत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांची उगादि आणि आमचा पाडवा एकाच दिवशीं. दोन्ही घरीं त्या दिवशीं नव्या वर्षाचें पंचांग वाचलें जातें, फक्त लिपि निराळी. आणि ज्या सिद्धरामेश्वराचें हें गांव, त्याच्या पंथाचे अग्रणी बसवेश्वर यांचा मुहूर्तावर कटाक्ष होता. आपल्या माणसांनीं विचारलें तर राशि जुळते, चंद्रबळ आहे, ताराबळ आहे, उद्यांपेक्षां आजचा दिवस बरा, असें खुशाल सांगा, अशा आशयाचें त्यांचें एक वचन कानडींत सर्वश्रुत आहे. बसवेश्वर ज्या मंगळवेढ्यास होते असें परंपरा सांगते तें याच जिल्ह्यांत. म्हणजे ज्या मातींतून महाराष्ट्राचें पंचांग निघतें, त्याच मातींत पंचांगाचा हा जुना प्रतिवादहि आहे.

तरीसुद्धां सिद्धेश्वराची यात्रा भरते ती पंचांगांतील संक्रांतीवर. अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक, भोगीच्या दिवशीं संमति कट्ट्याजवळचा अक्षतासोहळा, संक्रांतीस होम, किंक्रांतीस शोभेचें दारूकाम; कुंभारकन्येनें सिद्धरामाच्या योगदंडाशीं लग्न लाविलें ही कथा दरसाल सात नंदिध्वजांसह पुन्हां घडते. त्या लग्नांत पत्रिका पाहिलेली नाहीं. दिवस मात्र पाहिलेला आहे, आणि तो दिवसहि सरकतो आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालीं मकरसंक्रांतीच्या दिवशीं झाला, तेव्हां तारीख होती १२ जानेवारी. आमच्या लहानपणीं ती १४ वर खिळल्यासारखी झाली होती. आतां कांहीं वर्षीं १५ वर जाऊं लागली आहे, आणि पांचशें वर्षांनीं ती एकविसाच्या पलीकडे गेलेली असेल. टिळक पंचांग पाळणारा कोणी भक्त सोलापुरास आला, तर त्याची संक्रांत चार दिवस आधींच होऊन गेलेली असते. पण होम मैदानावर त्याला तिळगूळ मिळतो तो दात्यांच्या संक्रांतीचाच.